एडीएचडी असलेल्या मुलाला समजावताना या चुका टाळा

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाणं. अशा मुलांच्या बाबतीतली सगळ्यात नुकसान करणारी चूक आधी सांगते: मूल भडकलेलं असतानाच त्याला समजावायला बसणं. ‘का मारलंस? त्याला कसं वाटलं असेल? आधी सॉरी म्हण!’ विशेष शिक्षिका म्हणून शाळेत काम करताना हे रोज कानावर पडतं आणि दर वेळी तळमळ होते.

तिसरीतल्या एका मुलाचं सांगते. रांगेत मागच्याचा धक्का लागून त्याची कंपासपेटी पडली, त्याने सरळ गुद्दा मारला. बाईंनी त्याला सगळ्या वर्गासमोर माफी मागायला उभं केलं. तो हसला. ‘वर तोंड करून हसतोस?’ म्हणून वर्गाबाहेर काढलं, तेव्हा त्याने डबा भिंतीवर भिरकावला. घरी चिठ्ठी गेली, घरी मार बसला.

दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत मातीचे गोळे करत बसले, तेव्हा बोलता बोलता म्हणाला, ‘तो मुद्दाम ढकलून माझ्यावर हसत होता.’ मागचा मुलगा हसत नव्हता, घाबरून त्याचं तोंड वाकडं झालं होतं. आणि वर्गासमोरचं याचं हसू? तेही भीतीचंच. दोन घाबरलेली मुलं, आणि शिक्षा मात्र उर्मटपणाची.

एडीएचडी म्हणजे नुसती चुळबुळ, असं अजूनही समजतात. यातल्या पुष्कळ मुलांना समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग, भीती नीट ओळखता येत नाही, चुकून लागलेला धक्काही मुद्दाम मारल्यासारखा वाटतो. स्वतःचा राग तर हात उठल्यावरच कळतो. २००७ साली अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवलं की मेंदूच्या बाह्यस्तराच्या वाढीचा जो टप्पा इतर मुलं साधारण साडेसातव्या वर्षी गाठतात, तो ही मुलं साडेदहाच्या सुमारास गाठतात. सर्वाधिक उशीर पुढच्या भागात, जिथून लक्ष आणि कृती आवरली जाते. म्हणून नऊ वर्षांच्या मुलाकडून संयम मागताना मी मनात सहा वर्षांचं मूल धरते. हा माझा अंदाज, शास्त्रीय माप नव्हे, पण त्याने आपला आवाज खाली येतो.

भडका उडाला की मी तिरकी उभी राहते, डोळ्यांत डोळे घालत नाही. ‘पाणी पी. इथे बस.’ एवढंच बोलते. बाकीचं बोलणं शांत झाल्यावर, आणि तेही हाताला काम देऊन: शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या. तेव्हा ‘का’ विचारत नाही. ‘आधी काय झालं? त्याचा चेहरा कसा होता? तुझ्या पोटात, छातीत काय होत होतं?’ एवढंच. घरी मालिकेचा आवाज बंद करून ‘ही आता चिडलीय की घाबरलीय?’ ओळखायला लावा. आठवडाभरात फरक मागणाऱ्या पालकांना मी स्पष्ट सांगते, महिने लागतील. घाई करणारे पालक मध्येच सोडून देतात आणि मुलावर ‘सुधारतच नाही’ असा शिक्का बसतो.

शिक्षा म्हणून खेळाचा तास काढून घेऊ नका, त्याच मुलाला त्याची सर्वाधिक गरज असते.

महिनाअखेरीच्या सायकलचं आमिष निरुपयोगी. शाबासकी त्याच क्षणी द्या, आणि कशाबद्दल ते सांगा: ‘हात उगारलास आणि थांबवलास, पाहिलं मी.’

मारू नका. शाळेत तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे.

गप्प, खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीला ‘स्वप्नाळू’ म्हणून सोडून देऊ नका. तिलाही एडीएचडी असू शकतो, दंगा नसल्यामुळे लक्षात येत नाही.

मोबाइलवरची रील पाहून निदान तर नकोच. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, ते बालमानसोपचारतज्ज्ञांना तपासू द्या. आणि गोळी सुरू असेल, तर शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने ती बंद करू नका. भूक मंदावली, झोप उडाली, तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात फोन करा.