नेतृत्वावरील सादरीकरणांचा मागोवा घेताना या चुका टाळा

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावीपर्यंत मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि घरी गुजराती, तमिळ, कन्नड किंवा हिंदी बोलणारी अनेक मुले आज ती द्वितीय भाषा म्हणून शिकत आहेत. आठवीच्या अशाच एका वर्गाला मी ‘नेतृत्व’ या विषयावर तीन-तीन मिनिटांची सादरीकरणे करायला सांगितली होती. नंतर निरीक्षणवही उघडून बसल्यावर मुलांच्या चुकांपेक्षा माझ्याच चुका अधिक ठळकपणे दिसल्या. हे तास घेणाऱ्या इतर शिक्षकांना त्या टाळता याव्यात, म्हणून त्या येथे मांडत आहे.

विचार सोडून चुका मोजणे

महाडच्या चवदार तळ्याविषयी बोलताना एक विद्यार्थिनी म्हणाली, “कागदावर परवानगी होता, पण पाणी नाही होता. म्हणून बाबासाहेब स्वतः पाणी पिला.” माझ्या वहीत या वाक्यांपुढे ‘लिंग, नकार, आदरार्थी रूप’ एवढीच नोंद होती. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने आधीच केलेला होता, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले, हे त्या मुलीने नेमके हेरले होते. कागदावरचा हक्क प्रत्यक्षात आणून दाखवणे म्हणजे नेतृत्व, हा त्या दिवशीचा सर्वांत मोलाचा विचार तिचा होता आणि माझ्या वहीत त्याला जागाच मिळाली नव्हती. त्याच तासाला ‘नेता दूरदर्शी, धैर्यवान व निःस्वार्थी असतो’ असे पाठ केलेले परिच्छेद न अडखळता म्हणणाऱ्या मुलाला मी सर्वाधिक गुण दिले होते, याची खंत आजही वाटते.

यावर उपाय साधा आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी, डावीकडे मूल काय म्हणाले ते लिहावे, उजवीकडे कसे म्हणाले ते लिहावे, आणि डावी बाजू भरल्याशिवाय उजवीकडे वळू नये. सादरीकरण पाठांतराचे वाटले, तर ‘हा निर्णय त्यांनी त्याच वेळी का घेतला असेल?’ असा एखादा अनपेक्षित प्रश्न विचारावा. मोडक्यातोडक्या मराठीत का होईना, समजलेले मूल उत्तर देतेच.

विषय मोकळा सोडणे

‘नेतृत्व’ एवढेच सांगितले की मुले विशेषणांची माळ आणतात. त्याऐवजी एका व्यक्तीचा एकच निर्णय द्यावा: १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा, किंवा २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी राखून ठेवलेल्या ५० टक्के जागा. निर्णय सांगायचा म्हणजे भूतकाळ आला, आणि त्याबरोबर द्वितीय भाषेच्या विद्यार्थ्याला सर्वांत जड जाणारा ‘ने’ प्रत्ययही आला.

‘शाहू महाराज जागा राखून ठेवले’ हे वाक्य ऐकून मूल निष्काळजी आहे असे समजू नये. कन्नड आणि तमिळमध्ये कर्त्याला असा प्रत्यय लागत नाही आणि क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते, त्यामुळे त्या मुलाने आपल्या भाषेचा नियम चोख पाळलेला असतो. हिंदी बोलणाऱ्या मुलांना ‘ने’ ओळखीचा असतो, परंतु ‘मैंने’च्या सवयीने ती ‘मीने केले’ म्हणतात. अशा वेळी मध्येच टोकू नये. सर्वांचे बोलून झाल्यावर चार-पाच वाक्ये नावे न घेता फळ्यावर लिहावीत आणि वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्यावीत. ‘सावित्रीबाई शिकल्या’ आणि ‘सावित्रीबाईंनी शिकवले’ ही जोडी या कामाला फार उपयोगी पडते, कारण ‘शिकणे’ भूतकाळातही ‘ने’ घेत नाही, ‘शिकवणे’ घेते, आणि आदरार्थी अनेकवचनही त्याच ओघात कळते.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांकडे दुर्लक्ष करणे

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती व्याकरणाची वाटत नाही आणि म्हणून वहीत उतरतही नाही. वर्गप्रमुख झाल्याची कल्पना करून एक मुलगा वर्गाला म्हणाला, “आम्ही मैदान स्वच्छ ठेवू.” वाक्य शुद्ध होते, पण ऐकणारा वर्ग त्यातून बाहेर राहिला होता, सर्वांना सोबत घ्यायचे असेल तर ‘आपण’ म्हणावे लागते. हिंदीतील ‘हम’ आणि इंग्रजीतील ‘वी’ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सामावतात, म्हणून त्या भाषांची सवय असलेल्या मुलांना हा भेद सुचत नाही. गुजरातीत मात्र ‘आपणे’ आणि ‘अमे’, तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’ असा भेद आहेच. त्या घरांतील मुलांनाच उदाहरणे द्यायला सांगावे. वर्गात एरवी मागे राहणारी मुले त्या दिवशी पुढे येतात.

मागोवा फक्त मराठीतच लिहायला लावणे

‘मला काय जमले, काय अडले’ हे पहिल्यांदा ज्या भाषेत मूल विचार करते त्या भाषेत लिहू द्यावे आणि त्यातील दोन वाक्ये मराठीत आणायला सांगावीत. अन्यथा ‘मला खूप आनंद झाला’ यापलीकडे काही हाती लागत नाही.

दुसरी संधी न देणे

आठवड्याच्या आत एक मिनिटाचे फेरसादरीकरण ठेवावे, आणि त्यात एकच सुधारणा अपेक्षित धरावी. चवदार तळ्यावर बोललेल्या मुलीला मी केवळ ‘परवानगी’ आणि ‘पाणी’ यांची लिंगे पाहून यायला सांगितले होते. ती आली आणि म्हणाली, “कागदावर परवानगी होती, पण पाणी मिळत नव्हते.” ‘मिळत’ हा शब्द तिने स्वतःहून शोधला होता. त्या दिवशी मी वहीची डावी बाजू आधी भरली.