क्रूझची केबिन घेताना या चुका टाळा: आधी जागा बघा, मग प्रकार

ठाण्यातल्या माझ्या ऑफिसात क्रूझच्या बुकिंगला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. बाल्कनी घेऊ, की आतली, बिनखिडकीची खोली चालेल? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा लागतो. कोण कोण येणार, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला बोट लागते, लहान मूल किती वाजता झोपतं, जहाज कुठून कुठे जाणार, हे सगळं त्याआधी यायला हवं. ते सोडून आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि सगळ्यांत मोठी ‘स्वीट’ या चारांतलं एक उचलायचं, कार्डाने पैसे भरायचे आणि मोकळं व्हायचं, ही घाई मला बघवत नाही. हॉटेलची खोली आवडली नाही तर शेजारचं हॉटेल गाठता येतं. भर समुद्रात तशी सोय नसते, आणि जहाज भरलेलं असेल तर जी खोली मिळाली तिच्यातच दिवस काढावे लागतात.

नंबर न बघता खोली घेणं

ही चूक मी सगळ्यात वर ठेवतो. बहुतेक क्रूझ कंपन्यांकडे ‘गॅरंटी’ नावाचं एक भाडं असतं. तुम्ही फक्त प्रकार निवडायचा, म्हणजे समजा बाल्कनी. खोलीचा नंबर कंपनी तिच्या सोयीने देते, कधीकधी अगदी निघायच्या तोंडावर. निवडलेल्या प्रकाराच्या खालची खोली देणार नाही, एवढीच ती हमी. डेक, म्हणजे जहाजाचा मजला, कुठला, पुढे की मागे, लिफ्टजवळ की लांब, यातलं काहीही तुमच्या हातात राहत नाही. भाडं थोडं कमी असतं आणि तेवढ्यावर माणसं भुलतात.

साताऱ्याचं एक कुटुंब होतं. आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून दोन्ही मुलगे, सुना आणि नातवंडं असे सगळे सिंगापूरहून क्रूझला निघाले होते. धाकट्याने रात्री मोबाइलवर ऑफर बघितली आणि तीन बाल्कनीच्या खोल्या गॅरंटीत घेऊन टाकल्या. माझ्याकडे आले ते विमानाची तिकिटं आणि प्रवासाचा विमा काढायला. मी खोल्यांचे नंबर विचारले. “नंबर येतील नंतर, आपल्याला स्वस्तात मिळालंय,” असं उत्तर आलं.

नंबर आले तेव्हा दोन खोल्या एका डेकवर पार मागे, आणि आजी-आजोबांची खोली त्याच्या दोन डेक वर, पुढच्या टोकाला. अदलाबदल करावी तर पुढची खोली दोनच माणसांची, आणि दोन्ही मुलग्यांबरोबर लेकरं. मी कंपनीला फोन लावून बघितला. जहाज भरलेलं होतं, आणि या भाड्यात खोली बदलून मिळत नाही हे अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं.

जहाज तीनशे मीटरहून लांब. नाश्त्याचा बुफे मागच्या बाजूला. आजींच्या हातात काठी. पहिल्या दिवशी त्या वाटेत दोनदा लिफ्टसमोरच्या बाकावर टेकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, “तुम्ही खाऊन या, मला भूक नाही.” मग मोठा मुलगा रोज सकाळी डोसा आणि वाटीभर दही घेऊन, वर दुसरी ताटली उपडी घालून, त्या लांबलचक पॅसेजमधून पुढच्या टोकापर्यंत चालत जायचा. पोचेपर्यंत डोसा वातड झालेला असायचा. रात्री पुढचं टोक हलायचं, तेव्हा आजी पलंगाची कड धरून बसायच्या. हे मला थोरल्या सूनबाईंनी परत आल्यावर सांगितलं आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले. सगळा घाट ज्या दोघांसाठी घातला होता, त्यांनाच सर्वांत वाईट खोली मिळाली. आणि एका खोलीमागे वाचलेले पैसे किती, तर सिंगापुरात घरच्या सगळ्यांनी एकदा बाहेर जेवावं एवढे.

म्हणून कुटुंब असेल तर मी गॅरंटी देतच नाही, गिऱ्हाईक कितीही अडून बसलं तरी. आधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाची खोली ठरवतो. ती जहाजाच्या मध्यावर आणि लिफ्टपासून तीन-चार दारं सोडून घेतो. लिफ्टच्या अगदी समोरची घेत नाही, तिथे मध्यरात्रीपर्यंत लोक गप्पा मारत उभे असतात. बाकीच्यांच्या खोल्या मग तिच्या आजूबाजूला बसवतो. एकेक सॅक घेऊन निघालेल्या दोन मित्रांनी गॅरंटी जरूर घ्यावी, त्यांचं काही बिघडत नाही.

अपग्रेडसाठी लावायची बोली हा याच जातीचा शॉर्टकट. मध्यावरची छान खोली हातात असते, आणि तिच्यावर वरच्या प्रकाराची बोली लावून माणसं भलत्याच टोकाला जाऊन पडतात. बोली लागली की नंबर कंपनी ठरवते. शिवाय बोलीची रक्कम बहुतेक ठिकाणी माणशी असते, खोलीमागे नाही, हे पैसे कापले गेल्यावर कळतं.

वर काय आणि खाली काय

खोलीचा प्रकार, डेक, किंमत सगळं बघतात, पण डोक्यावर काय आहे ते बघत नाहीत. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटेच कर्मचारी आरामखुर्च्या ओढून रांगेत लावायला घेतात, आणि खुर्च्यांचे पाय घासल्याचा तो आवाज थेट छतातून उतरतो. वर स्वयंपाकघर असेल तर ट्रॉल्यांची चाकं रात्रभर फिरत राहतात. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर बासचे ठोके गादीत जाणवतात. पुढच्या टोकाला अगदी खालच्या डेकवर असाल, तर बंदरात शिरताना थ्रस्टरची, म्हणजे जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्यांची, घरघर आणि नांगर टाकताना साखळी सुटल्याचा खडखडाट तुम्हाला जागं करणारच. आवाजाची तक्रार घेऊन परत येणारे लोक आवर्जून सांगतात की आम्ही महागडी बाल्कनी घेतली होती. बाल्कनीने छत जाड होत नाही.

माझी सवय अशी आहे की जहाजाचे डेक प्लॅन कंपनीच्या साइटवरून काढून तीन पानं छापायची: आपला डेक, वरचा आणि खालचा. तिन्ही एकावर एक ठेवून ऑफिसच्या खिडकीच्या काचेला लावतो. उजेडात तिन्ही डेक एकदम दिसतात. आपल्या खोलीच्या वर खोली, खाली खोली असेल तर पेनाने गोल करतो. प्लॅनवर कोरी, नाव न लिहिलेली जागा दिसली की तिच्यापासून लांब राहतो. ती बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांची वाट, भांडार किंवा स्वयंपाकघराचा भाग असते. संगणकावरही हे जमतं, पण कागदावर नजर चुकत नाही असा माझा अनुभव आहे. दहा मिनिटांचं काम आहे. तेवढाही धीर नसलेल्या माणसाने निदान नंतर कंपनीच्या नावाने बोटं मोडू नयेत.

प्लॅनवरच्या बारीक खुणाही वाचा. दोन खोल्यांच्या मधलं दार, भिंतीतून उघडणारा तिसरा-चौथा पलंग, लाइफबोटीने अडलेली खिडकी, सगळं तिथे दाखवलेलं असतं. मधल्या दाराची खोली दोन भावांच्या कुटुंबांना उत्तम. शेजारी परकी माणसं असतील तर त्यांचं घोरणंसुद्धा दाराच्या फटीतून ऐकू येतं.

बोट लागते आणि तरी सर्वांत वरचा डेक

वरच्या डेकची खोली महाग, म्हणजे चांगली, असा समज आहे. जहाज लाटांवर पुढे-मागे डुलतं ते सी-सॉच्या फळीसारखं: टोकं वर-खाली, मधला भाग जवळजवळ जागच्या जागी. जितकं वर जाल तितका आडवा झोकाही मोठा. जहाजाला स्टॅबिलायझर, म्हणजे पाण्याखालचे पंख, आहेत, मग काय, असं म्हणतात. ते डाव्या-उजव्या बाजूंचं झुलणं कमी करतात. पुढचं टोक उचलून आपटतं, ते त्यांना थांबवता येत नाही. ज्याला घाटात गाडी लागते त्याने मध्यावरची, खालच्या डेकवरची खोली घ्यावी. क्षितिज दिसलं की पोट बरं राहतं, त्यामुळे शक्य असेल तर खिडकीची.

सगळीकडे बाल्कनी

२०२१ पासून मुंबईहून फेऱ्या सुरू केलेलं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० सालचं. त्या काळी खोलीला बाल्कनी देण्याची पद्धत रुळली नव्हती, त्यामुळे त्यावर बाल्कन्या मोजक्याच, आणि खोल्याही आजच्या जहाजांपेक्षा लहान. मुंबई-गोवा फेरीत जहाज संध्याकाळी निघतं आणि सकाळी मुरगावला लागतं. दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला, पण तो रात्रभर अंधारात. निघताना गेटवे आणि कुलाबा उजव्या हाताला दिसतात, आणि ते खोलीतून बघण्यापेक्षा उघड्या डेकवरून कितीतरी छान दिसतात. अशा एका रात्रीसाठी बाल्कनीचे पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. सिंगापूर-पेनांगच्या फेरीतही दुपारची दमट हवा बाल्कनीत फार वेळ बसू देत नाही. बाल्कनीचं दार उघडं ठेवलं की कित्येक जहाजांवर खोलीचा एसी बंद पडतो.

याउलट, अमेरिकेतली मुलं आई-बाबांना सिएटल किंवा व्हँकुव्हरहून अलास्काला नेतात, तिथे मात्र मी बाल्कनीचा आग्रह धरतो. हिमनद्या बघायला वरच्या डेकवर वारा झोंबतो आणि गर्दीही असते. साठी-सत्तरीच्या माणसांना शाल पांघरून स्वतःच्या खुर्चीत बसून तो बर्फ बघता येणं, ही पैसे वसूल होणारी गोष्ट आहे. डावी बाजू की उजवी, याची तिथे चिंता नको. ग्लेशियर बेमध्ये जहाज हिमनदीसमोर सावकाश वळतं आणि दोन्ही बाजूंना दर्शन होतं.

आणि बाल्कनी म्हणजे समुद्रच, असंही धरून चालू नका. रॉयल कॅरिबियन या कंपनीच्या ओॲसिस वर्गातल्या जहाजांवर काही बाल्कन्या जहाजाच्या आतल्या बागेकडे उघडतात. त्यांच्या व्हॉयेजर वर्गातल्या जहाजांवर काही आतल्या खोल्यांना खिडकी असते, पण ती जहाजातल्याच मधल्या बाजारपेठेवर उघडते. मुलांना मजा वाटते. लवकर झोपणाऱ्यांनी मात्र रात्रीच्या गाण्या-बजावण्याचा विचार करून घ्यावी.

“खोलीत काय, झोपायलाच तर जायचं”

तरुणांना हे लागू पडतं. वयस्क माणसांना नाही. ती दुपारी तासभर आडवी होतात, पहाटे चारला उठतात. आतल्या खोलीत दिवस आहे की रात्र ते कळत नाही, अंधारात बाथरूमच्या उंच उंबऱ्याला पाय अडखळतो. आतलीच घ्यायची असेल, तर बऱ्याच जहाजांवर टीव्हीवर पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनेल असतं, ते आवाज बंद करून रात्रभर चालू ठेवा. उजाडलं की टीव्हीचा पडदा आपोआप उजळतो.

उरलेल्या चुका

एका खोलीत चौघं: तिसऱ्या-चौथ्याचं भाडं कमी असतं म्हणून घेतात, पण वरचे पलंग शिडीचे आहेत आणि बाथरूम एकच. मोठ्या मुलांना शेजारची आतली खोली द्या.

व्हीलचेअर असेल तर त्यासाठीची खास खोलीच लागते. साध्या खोलीच्या दारातून बऱ्याच खुर्च्या आत जात नाहीत, आणि पॅसेजमध्ये ठेवू देत नाहीत. अशा खोल्या थोड्या असतात. तारीख ठरली की सर्वांत आधी त्याच बघा.

एकटे जाणार असाल तर जाहिरातीतलं माणशी भाडं दोघांत एक खोली धरून असतं. एकट्याला बहुतेकदा दुसऱ्याचेही पैसे भरावे लागतात. काही जहाजांवर एकट्यासाठीच्या लहान खोल्या आहेत, त्या विचारा.

“चढल्यावर काउंटरवर बदलून घेऊ” हा बेत करूच नका. निघायच्या दिवशी त्या काउंटरपुढची रांग याच बेताने आलेल्या माणसांची असते.