साथीच्या काळात फोनवरून मानसिक आधार देताना

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत कामाची तीन सूत्रे सांगितली आहेत : पाहा, ऐका आणि जोडून द्या. साथीच्या काळात फोनवरून आधार देणाऱ्याच्या हातून यातले पहिलेच सूत्र निसटते. समोरच्या व्यक्तीचे हात थरथरत आहेत का, ती काही दिवस झोपलेली नाही असे चेहऱ्यावरून वाटते का, खोलीत आणखी कोणी बसले आहे का, यांपैकी काहीही दिसत नाही. तरीही हे काम टाळता येत नाही. कोविड-१९ च्या पहिल्या वर्षात जगभरात चिंताविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले, आणि त्याआधी २०२० मध्ये तिने १३० देशांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील ९३ टक्के देशांत अत्यावश्यक मानसिक आरोग्यसेवा विस्कळीत किंवा बंद झाल्याचे आढळले होते. म्हणून जे डोळ्यांना कळले असते ते प्रश्न विचारून जाणून घेण्याची सवय समुपदेशकाने आणि स्वयंसेवकाने मुद्दाम लावून घ्यावी.

पहिल्या दोन-तीन मिनिटांत, दुःखाला हात घालण्याआधी, काही व्यावहारिक गोष्टी विचारून घ्याव्यात. व्यक्ती या क्षणी नेमकी कोठे आहे, फोन तिचा स्वतःचा आहे की दुसऱ्याचा, कॉल तुटला तर कोणी कोणाला पुन्हा फोन करायचा, आणि वेळ पडल्यास जवळच्या कोणाला कळवलेले चालेल, हे विचारावे. पत्ता का हवा आहे तेही सांगावे, कारण हेतू न सांगता पत्ता विचारला की भेदरलेले माणूस आणखी भेदरते. बोललेले गुप्त राहील, मात्र जिवाला धोका दिसला तर इतरांना सांगावे लागेल, ही मर्यादा सुरुवातीलाच स्पष्ट करावी. नंतर सांगितलेली मर्यादा विश्वासघातासारखी वाटते.

एकांताचा प्रश्न मात्र सर्वांत अवघड आहे. टाळेबंदीत सगळे कुटुंब एकाच छताखाली कोंडलेले असते, आणि ज्याच्याविषयी बोलायचे तोच शेजारी बसलेला असू शकतो. ‘तुम्ही मोकळेपणाने बोलू शकता का?’ असे विचारल्यास भीतीपोटी ‘हो’ असेच उत्तर येण्याचा संभव असतो. त्याऐवजी केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून भागेल असे प्रश्न विचारावेत, इयरफोन लावायला सांगावे, आणि कोणी खोलीत आले तर विषय बदलण्यासाठी एखादा साधा शब्द आधीच ठरवून घ्यावा. घरात हिंसा होत असल्याची शंका असेल तर त्या फोनवर संदेश पाठवू नयेत आणि न विचारता स्वतःहून पुन्हा फोनही करू नये. व्हिडिओ कॉलचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे : चेहरा दिसण्याचा लाभ असतो, पण ज्याला घर दाखवायची लाज वाटते किंवा ज्याचे नेटवर्क सतत तुटते, त्याला नुसता आवाजच अधिक मोकळे करतो.

ऐकताना शांततेला घाबरू नये. समोरासमोरची शांतता सोबतीची वाटते. फोनवरची शांतता मात्र ‘लाइन गेली की काय’ अशी शंका निर्माण करते, म्हणून ‘मी ऐकतो आहे, सावकाश सांगा’ असे मधूनमधून म्हणत राहावे. ‘काही होणार नाही’ असे आश्वासन देऊ नये. साथीत ते खोटे ठरू शकते. ज्याला आपल्या माणसाचे अंत्यदर्शनही घेता आले नाही, त्याला घडलेले सगळे तपशील पुन्हा सांगायला लावू नये. धक्क्यानंतर लगेच एकाच बैठकीत सगळे वदवून घेण्याची जुनी पद्धत उपयोगी ठरत नाही आणि जागतिक आरोग्य संघटनाही ती सुचवत नाही. तो जेवढे सांगेल तेवढेच ऐकावे.

श्वासाच्या तक्रारीबाबत विशेष सावध राहावे. भीतीच्या झटक्यातही दम लागतो आणि फुफ्फुसाच्या संसर्गातही लागतो. फोनवरून या दोहोंतला फरक खात्रीने ओळखता येत नाही. श्वसनाच्या साथीत आधी वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, भीतीचा विचार त्यानंतर करावा. तसेच पूर्वीपासून मानसोपचार चालू असलेल्यांना औषधे किती दिवस पुरतील ते विचारावे आणि ती अचानक बंद न करण्याविषयी सांगावे. लिथियम हे मनःस्थितीच्या तीव्र चढउतारांवरचे औषध घेणाऱ्याला ताप, जुलाब किंवा उलट्या होत असतील तर शरीरातील पाणी कमी होऊन औषधाची रक्तातील पातळी धोकादायक वाढू शकते. हात जास्त थरथरणे, जीभ जड होणे, तोल जाणे अशी लक्षणे सांगितली गेल्यास डॉक्टरांशी तातडीने संपर्क करून द्यावा.

आत्महत्येविषयी सरळ शब्दांत विचारावे. ‘जीव देण्याचा विचार मनात येतो का?’ असे विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट अनेकांना तो पहिल्यांदा बोलून दाखवता येतो. उत्तर होकारार्थी आले तर काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, ते विचारून घ्यावे, आणि ते साधन दूर ठेवण्यासाठी घरातील कोणाची मदत घेता येईल यावर बोलावे. धोका तत्काळ असेल तर फोन ठेवू नये. आपण बोलत राहावे आणि सहकाऱ्याने दुसऱ्या फोनवरून व्यक्ती जेथे आहे तेथील आपत्कालीन सेवेला बोलवावे. आपल्या गावचा क्रमांक तिच्या गावी चालेलच असे नाही. सुरुवातीला घेतलेला पत्ता येथे कामी येतो.

‘जोडून द्या’ याचा अर्थ क्रमांकांची यादी देणे असा नाही. खचलेल्या माणसाला पाचवा फोन लावण्याचे बळ नसते, म्हणून क्रमांक चालू आहे का ते आपण आधी तपासावे आणि शक्य असल्यास त्याच कॉलमध्ये पुढच्या व्यक्तीला जोडून घ्यावे. कॉल संपवण्यापूर्वी आजची रात्र कशी काढायची आणि सोबत कोण असेल, हे ठरवून पुढच्या कॉलची वेळ पक्की करावी. त्या वेळी फोन उचलला गेला नाही तर किती वेळाने पुन्हा लावायचा आणि त्यानंतर कोणाला कळवायचे, हेही व्यक्तीच्या संमतीने आजच्याच टिपणात लिहून ठेवावे.