किशोरवयीन मुलांना चर्च आपलं वाटावं यासाठी काय करावं?

दृढीकरण संस्कार (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा कॅथलिक विधी) झाला की मुलं चर्चमध्ये दिसेनाशी होतात, ही पालकांची आणि धर्मशिक्षकांची जुनी तक्रार. महिनोन्‌महिने वर्ग, बिशपांसोबत फोटो आणि पुढच्या रविवारी बाक रिकामा. खापर फुटतं ते मोबाईलवर, अभ्यासावर, नाहीतर संगतीवर. मला कारण वेगळं दिसतं. सोळा वर्षांचा मुलगा मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, आला नाही तर तिथे कोणाचंच काही अडत नाही, आणि हे त्याला आपल्या आधी कळलेलं असतं.

म्हणून सुरुवात कार्यक्रमापासून नको, माणसांपासून करा.

पहिली पायरी: नावं लिहून काढा

पॅरिशमधल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, दहा किशोरवयीन मुलामुलींची नावं कागदावर लिहा. प्रत्येक नावापुढे त्या मुलाविषयी चर्चबाहेरची एक गोष्ट लिहायचा प्रयत्न करा: त्याला काय आवडतं, सध्या ती कशाने त्रासली आहे. अमक्यांचा मुलगा, तमक्यांची धाकटी, एवढंच सुचत असेल तर काम कुठून सुरू करायचं ते समजलं. आई-वडिलांखेरीज दोन-तीन मोठी माणसं आपल्याला नावाने ओळखतात, हे मुलांना जाणवलं पाहिजे. आई-वडील वेगळे राहतात म्हणून, किंवा गावात नवीन आहे म्हणून कोपऱ्यात उभं राहणाऱ्या मुलाकडे आधी जा.

दुसरी पायरी: खरं काम द्या

खुर्च्या मांडणं आणि पत्रकं वाटणं ही कामंच आहेत, पण मुलांना फक्त तीच मिळतात. खरं काम कोणतं, तर जे बिघडलं की सगळ्यांच्या लक्षात येतं. मिस्सेतलं पहिलं वाचन, प्रतिसाद स्तोत्र, श्रद्धावंतांच्या प्रार्थना लिहिणं, ध्वनियंत्रणा सांभाळणं, लहान मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मदत. मुलींना मागे ठेवायचं तर कारणच नाही. वाचक आणि वेदीसेवक (मिस्सेत वेदीपाशी मदत करणारा) ही अधिकृत सेवापदंही पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये स्त्रियांना खुली केली.

वाचन द्यायचं ठरलं तर ते रविवारी सकाळी हातात कोंबू नका. आठवडाभर आधी द्या. उतारा कशाबद्दल आहे, कोण कोणाला सांगतोय, हे पाच मिनिटं बोला. मग रिकाम्या चर्चमध्ये माईकसमोर दोनदा वाचून घ्या. मलकीसदेक, नबुखद्नेस्सर अशी नावं तिथेच अडखळू द्या. मिस्सेत चूक झालीच तर ती तिथल्या तिथे मोठ्याने दुरुस्त करणाऱ्या उत्साही काकांना आधीच आवरा. वाचन झाल्यावर ‘छान’ म्हणून निघून जाऊ नका. कोणतं वाक्य ऐकताना स्पष्ट पोचलं ते सांगा.

बायबलमधल्या योहानच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू हजारोंना जेवू घालतो, तेव्हा पाच भाकरी आणि दोन मासे एका मुलाकडेच होते. एवढ्याने काय होणार, असं शिष्यांतल्या मोठ्या माणसालाच वाटलं होतं. पॅरिश कौन्सिलमध्ये तरुणांसाठी जागा ठेवली असेल तर त्यांचं मत मागा, आणि एखादी सूचना खर्चासकट मान्य करून दाखवा.

तिसरी पायरी: शंकेला घाबरू नका

‘देव आहे तर हे असं का होतं?’ हा प्रश्न जेवताना आला की घरात शांतता पसरते. त्या शांततेतून मुलाला एवढंच कळतं की इथे असं विचारायचं नसतं. उत्तर येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, विचारून सांगतो’ म्हणा आणि खरंच आठवड्याभरात परत त्या विषयावर या. निम्मं काम त्या परत येण्यात असतं.

येशू पुन्हा जिवंत झाल्याचं न मानणारा शिष्य थोमा, त्याची गोष्ट आपण अविश्वासाची म्हणून सांगतो. त्यातला एक तपशील सुटतो: मी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असं बजावल्यानंतर आठ दिवसांनी तो त्याच घरात, त्याच सोबत्यांमध्ये होता. कोणी त्याला बाहेर काढलं नव्हतं. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या जोगीण संत तेरेझा यांनी आयुष्याचं शेवटचं जवळजवळ दीड वर्ष श्रद्धेच्या अंधारात काढलं, आणि 1997 मध्ये त्यांनाच ख्रिस्तसभेच्या आचार्य (ज्यांची शिकवण चर्च आदर्श मानतं अशा संत) घोषित केलं गेलं. हे मुलांना जरूर सांगा.

चौथी पायरी: धर्मपालक विचारपूर्वक निवडा

दृढीकरणासाठी धर्मपिता किंवा धर्ममाता (मुलाला श्रद्धेत साथ देण्याची जबाबदारी घेणारी व्यक्ती) म्हणून परदेशातला श्रीमंत मामा फोटोपुरता छान दिसतो. चर्चच्या कायद्यानुसार ही व्यक्ती साधारणपणे किमान 16 वर्षं पूर्ण झालेली, स्वतः दृढीकरण झालेली आणि श्रद्धेने जगणारी कॅथलिक हवी. आई-वडील चालत नाहीत. स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, वेळचीच व्यक्ती असावी, असंही कायदा सुचवतो. माझा आग्रह आणखी एका गोष्टीचा: जी महिन्यातून एकदा तरी भेटेल अशी व्यक्ती निवडा. आणि संस्काराच्या आधीच, त्यानंतरच्या रविवारी मुलाने काय करायचं हे ठरवून ठेवा.

पाचवी पायरी: घरी थोडं, पण नेमाने

रविवारची मिस्सा कॅथलिकांना बंधनकारक आहे, ते लपवू नका. पण ‘आला नाहीस तर मोबाईल बंद’ म्हटलं की मिस्सा शिक्षेच्या यादीत जाते. तुम्ही स्वतः का जाता, हे एकदा सांगून बघा. सांगता आलं नाही तर तेही कबूल करा. परतताना प्रवचनाची परीक्षा घेऊ नका.

संतांच्या गोष्टी सांगा, पण त्यांची छडी करू नका. इटलीत वाढलेला कार्लो अक्युटिस 2006 मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला, 7 सप्टेंबर 2025 रोजी संत घोषित झाला. तो रोज मिस्सेला जायचा, हे ऐकवून आपल्या मुलाला लाजवणं सोपं. त्याच्या आईने मात्र सांगितलंय की ती मुलामुळे श्रद्धेकडे परतली. मुलांकडून मोठ्यांनी शिकायची ही बाजू आपण सहसा गाळतो.

एक नियम मात्र सगळ्या पायऱ्यांना लागू. मोठ्या माणसाने मुलाशी बोलावं ते इतरांना दिसेल अशा जागी. खासगी मेसेज नकोत, पालकांना माहीत असलेला गट हवा. मुलाने कोणाच्या वागण्याविषयी तक्रार केली तर चर्चची अब्रू आड आणू नका. ऐका आणि जिथे कळवायचं तिथे लगेच कळवा.

एवढं करूनही काही मुलं येणं बंद करतील. मेसेजमधून उपदेश पाठवू नका. वाढदिवसाला फोन करा, परीक्षेची चौकशी करा. आणि एखाद्या रविवारी ती मागच्या दाराशी दिसलीच तर ‘इतके दिवस कुठे होतीस?’ असं नका विचारू. पुढच्या महिन्यातल्या कोणत्या रविवारचं वाचन घेतेस, ते विचारा.