वैमानिकाच्या मनगटावरचं घड्याळ: साडेपाच तासांचं गणित आधी बघा

बारामती किंवा गोंदियाला फ्लाइंग शिकायला निघालेल्यांनी घड्याळ घेताना आधी एकच गोष्ट तपासावी: त्यात यूटीसी (विमानवाहतुकीत जगभर वापरली जाणारी प्रमाणवेळ) आणि भारतीय वेळ एकाच वेळी दिसते का? मेटार म्हणजे विमानतळाच्या हवामानाचे अहवाल, फ्लाइट प्लॅन, सगळं यूटीसीत असतं. आपला फरक साडेपाच तासांचा, त्यामुळे जीएमटी काट्याची, म्हणजे दुसरी वेळ दाखवणारा जादा तासकाटा असलेली महागडी घड्याळं इथे अडचणीची ठरतात. तास कळतो, पण तीस मिनिटं डोक्यातच मिळवावी लागतात. पहाटे 5 ला निघालात तर यूटीसीत आदल्या दिवसाचे 23:30 वाजलेले असतात. पहाटेच्या झोपेत तारीख हमखास चुकते! म्हणून ड्युअल टाइमचं, अर्ध्या तासाचा फरक घेणारं साधं डिजिटल घड्याळ मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

स्टॉपवॉचचं बटण न बघता दाबता यायला हवं. होल्डिंगमध्ये, म्हणजे पुढची परवानगी मिळेपर्यंत हवेत ठरलेल्या घिरट्या घालताना, 14,000 फुटांपर्यंत एक मिनिटाचा लेग (घिरटीची सरळ बाजू) मोजायचा असतो, तेव्हा मेनू शोधत बसणं परवडत नाही.

रात्री कॉकपिटमध्ये वापरतात तशा लाल टॉर्चच्या उजेडातही दुकानात डायल बघा. लाल काटे आणि लाल आकडे त्यात जवळजवळ दिसेनासे होतात. बेझेलवरच्या (डायलभोवतीच्या कड्यावरच्या) स्लाइड रूलसाठी, म्हणजे हिशेब करायच्या फिरत्या मोजपट्टीसाठी, जास्त पैसे मोजू नका. हलत्या कॉकपिटमध्ये ते बारीक आकडे वाचता येत नाहीत.