व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प घरी बनवताना या चुका टाळा

जुन्या धाटणीचा अ‍ॅम्प स्वतः बांधायचा म्हटलं की बहुतेकांची गाडी फेंडरच्या ट्वीड चॅम्पवर, म्हणजे ५एफ१ सर्किटवर येऊन थांबते. १९५०च्या दशकातला कॅलिफोर्नियाचा हा माल: व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम नळ्या, तीनच: प्रीअ‍ॅम्पला (सिग्नल आधी वाढवायला) एक १२एएक्स७, स्पीकर चालवायला एक ६व्ही६, रेक्टिफायरला (एसीचा डीसी करायला) ५वाय३, ताकद जेमतेम पाच वॅट आणि बटण एकच, आवाजाचं. टोनचं बटणसुद्धा नाही. पार्ट मोजके असल्यामुळे जोडणी पटकन होते. मग अ‍ॅम्प चालू केला की नुसतं घूंऽऽ, म्हणजे हम, आणि लोक पहिलं काम काय करतात, तर नवे व्हॉल्व्ह मागवतात. व्हॉल्व्ह बहुतेकदा ठणठणीत असतो. या सर्किटमध्ये काय बिघडलंय ते मीटर सांगतो. पण मीटर लावायचा कंटाळा आणि पार्ट बदलायची हौस, हे आपल्याकडे जुनंच दुखणं आहे.

आधी जिवाचं बोलू. आत साडेतीनशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये बसून राहू शकतो. पहिल्या फिल्टर कपॅसिटरला (रेक्टिफायरनंतर डीसी सपाट करणाऱ्या) समांतर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून टाका. प्लग काढल्यावर अर्ध्या-एक मिनिटात तो सगळा चार्ज उतरवतो. तरीही हात घालण्याआधी मीटरने मोजायचंच. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी उडवणं म्हणजे बहादुरी नव्हे. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना काळा प्रोब क्लिपने चेसिसला, म्हणजे अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला, अडकवा आणि दुसरा हात खिशात ठेवा.

अमेरिकेतले आकडे जसेच्या तसे उचलणं

मूळ ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. परदेशी किट मागवताना प्रायमरी (लाइनला जोडायची वाइंडिंग) २३० किंवा २४० व्होल्टची आहे का हे विचारायचं राहिलं, तर पहिल्याच सेकंदाला धूर. काही जण मध्ये ११० व्होल्टचा कन्व्हर्टर लावतात. पण त्याने फ्रिक्वेन्सी बदलत नाही, आणि फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेला कोअर ५० वर जास्त तापतो. त्यापेक्षा इथेच गुंडाळून घेतलेला बरा. वाइंडिंगवाल्याला कागदावर लिहून द्या: प्रायमरी ०-२३०-२५०, सेकंडरी ३२५-०-३२५ व्होल्ट, ८० मिलिअँपिअर, ५ व्होल्ट २ अँपिअर, ६.३ व्होल्ट २ अँपिअर. २५० चा टॅप आठवणीने मागा. पुष्कळ ठिकाणी रात्री लाइन २४५ च्या पुढे जाते आणि मग व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरलाही ६.३ ऐवजी पावणेसात मिळतात.

याच हिशेबात एक कमी दिसणारी चूक आहे. ५वाय३ चा फिलामेंट लगेच तापतो, ६व्ही६ ला मात्र दहाएक सेकंद लागतात. तेवढा वेळ लोड नसतो, म्हणून पहिल्या कपॅसिटरवर ३२५ च्या १.४१४ पट, म्हणजे ४६० व्होल्ट चढतात. लाइन चढलेली असेल तर ४९०. मूळ आकृतीत ४५० व्होल्टचा कपॅसिटर दाखवलाय म्हणून तोच लावणारे बरेच आहेत. ५०० व्होल्टचा घ्या. आणि हम कमी व्हावा म्हणून १६ मायक्रोफॅरडच्या जागी १०० टाकू नका. २२ पर्यंत ठीक, त्यापुढे दर वेळी चालू करताना ५वाय३ वर जो करंटचा झटका येतो त्याने तो बिचारा लवकर जातो.

फ्यूज १ अँपिअरचा, स्लो-ब्लो. लाइव्ह वायर आधी फ्यूजला, मग स्विचला. त्या काळच्या अमेरिकन अ‍ॅम्पना दोन पिनांची वायर असे. तेवढा ‘विंटेज’पणा सोडून द्या. तीन पिनांची वायर घ्या, हिरवी वायर स्वतंत्र बोल्टने चेसिसला कसा, आणि भिंतीतल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या चाळींत आणि वाड्यांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं.

सगळे व्हॉल्व्ह बसवून एकदम स्विच दाबणं

इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड करा: लाइनमध्ये ४० किंवा ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब, एलईडी चालणार नाही. आधी एकही व्हॉल्व्ह न बसवता चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंग धडधाकट. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग स्पीकर जोडून बाकीचे व्हॉल्व्ह बसवा आणि ५वाय३ सगळ्यात शेवटी. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प वाजवणं हा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळण्याचा हमखास मार्ग.

पिना मोजताना सॉकेट खालून बघायचा आणि घड्याळाच्या दिशेने मोजायचं. वरून मोजलं की सगळं आरशातल्यासारखं उलटं. १२एएक्स७ मंद पेटत असेल तर पिन ४ आणि ५ बघा. ६.३ व्होल्टवर चालवताना या दोन पिना एकमेकींना जोडून एक टोक होतं आणि ९ नंबरची पिन दुसरं. ४ आणि ५ च्या मध्ये ६.३ दिले तर त्याला हवेत त्याच्या निम्मे व्होल्ट मिळतात.

हम कुठला, ते न ओळखताच मागे लागणं

इथे गिटारच कामाला येते. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी म्हणजे ९८ हर्ट्झ. अ‍ॅम्पचा हम त्या सुराशी जुळला तर तो १०० हर्ट्झचा आहे, म्हणजे रेक्टिफायरनंतरचा. फिल्टर कपॅसिटर आणि त्यांच्या अर्थिंगच्या जोडण्या तपासा. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ: हीटरच्या वायरी, अर्थ लूप, नाहीतर इनपुटची वायर ट्रान्सफॉर्मरला खेटून गेलेली. अ‍ॅम्प बंद करून १२एएक्स७ काढा आणि पुन्हा चालू करा. हम गेला तर दोष प्रीअ‍ॅम्पमध्ये, राहिला तर पॉवरच्या बाजूला.

मूळ चॅम्पमध्ये हीटरचं एक टोक सरळ चेसिसला असे. ते सोडवा, दोन्ही वायरी घट्ट पिळून कोपऱ्याकोपऱ्याने न्या आणि प्रत्येक टोकापासून अर्थला १०० ओहमचा एकेक रेझिस्टर द्या. ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ च्या वाइंडिंगला सेंटर टॅप असेल तर तोच अर्थ करा, रेझिस्टर नकोत. हाय-व्होल्टेजचा सेंटर टॅप मात्र आधी पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्हला जोडायचा आणि तिथून एकच वायर चेसिसला न्यायची. प्रीअ‍ॅम्पचे अर्थ इनपुट जॅकपाशी. जिथे स्क्रू दिसला तिथे अर्थ, असं केलं की हम शोधत आठवडे जातात.

चालू करताच किंकाळी

हा दोष घाबरवतो खरा, पण सोपा आहे. स्पीकरकडून २२ किलोओहममधून दुसऱ्या स्टेजच्या कॅथोडला निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आवाज आवरणारा उलटा सिग्नल, येतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची टोकं उलटी लागली की तो पॉझिटिव्ह होतो आणि अ‍ॅम्प ओरडतो. २२ किलोओहमचं एक टोक सोडवा. ओरडणं थांबलं तर प्रायमरीच्या दोन वायरींची अदलाबदल करून ते टोक परत जोडा. झालं.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरबद्दल आणखी एक: इथे प्रायमरीतून सतत चाळीस-पंचेचाळीस मिलिअँपिअर डीसी वाहतो, म्हणून कोअरमध्ये एअर गॅप लागतोच. पुश-पुल (दोन पॉवर व्हॉल्व्ह आलटून-पालटून चालणाऱ्या) अ‍ॅम्पचा किंवा पीए सिस्टिमचा लाइन ट्रान्सफॉर्मर लावला तर कोअर सॅच्युरेट होतो आणि खर्जातला सगळा भरीवपणा जातो.

६व्ही६ ची प्लेट तांबडी होणं

प्लेट म्हणजे व्हॉल्व्हमधला बाहेरचा धातूचा पत्रा. तो लाल दिसला की लगेच बंद करा. व्हॉल्व्ह काढा, मीटर डीसीवर ठेवा आणि ५वाय३ जागेवर ठेवून, अ‍ॅम्प पुन्हा चालू करून ६व्ही६ च्या सॉकेटची ५ नंबरची पिन, म्हणजे ग्रिड, मोजा. जवळपास शून्य हवं. दोन-चार व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले तर त्याआधीचा ०.०२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर गळतोय. जुन्या रेडिओतून काढलेल्या कागदी कपॅसिटरची ही हमखास खोड. भंगारातल्या रेडिओतून ट्रान्सफॉर्मर, सॉकेट, नॉब खुशाल घ्या. कपॅसिटर नवेच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत त्यांना फार पैसे पडत नाहीत.

ती पिन शून्यावर असेल तर व्हॉल्व्ह परत बसवून हिशेब करा. समजा, ४७० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर २१ व्होल्ट मिळाले: २१ भागिले ४७०, साधारण ४५ मिलिअँपिअर. प्लेटला ३६० असतील तर प्लेट ते कॅथोड ३३९ व्होल्ट. गुणाकार १५ वॅटच्या वर. त्यातून स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या ग्रिडचा) वाटा पाचेक टक्के वजा केला तरी १४ च्या पुढेच, आणि जुन्या ६व्ही६ जीटीची मर्यादा १२ वॅट. ४७० च्या जागी ५६० किंवा ६८० ओहम, ५ वॅटचा लावा आणि पुन्हा मोजा. हल्लीच्या काही ५वाय३ मध्ये व्होल्टेज जुन्यांपेक्षा कमी पडतो, त्यामुळे सगळं सर्किटच वर चढून बसतं; तसं असेल तर रेझिस्टरआधी रेक्टिफायर बदलून बघा.

आवाजच नसेल तर १२एएक्स७ च्या पिना १ आणि ६ मोजा. साधारण १३० ते १८० व्होल्ट हवेत, कॅथोडला सव्वा-दीड. प्लेटवर शून्य म्हणजे १०० किलोओहमचा रेझिस्टर तुटलेला किंवा ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड. प्लेटवर सप्लायइतकाच व्होल्टेज म्हणजे व्हॉल्व्हमधून करंटच वाहत नाहीये: हीटर बघा, नाहीतर कॅथोडचा १.५ किलोओहम. मधूनमधून खरखर होत असेल तर अ‍ॅम्प चालू ठेवून कोरड्या लाकडी काडीने एकेक जोड हलवा. सैल जोड लगेच बोलतो.

आणि सगळं बरोबर असूनही अ‍ॅम्प मरगळलेला वाजत असेल, तर महागड्या ‘टोन’ कपॅसिटरच्या जाहिराती वाचत बसू नका. बहुधा तुम्ही घरातला हाय-फाय वूफर जोडलेला असतो. त्याची संवेदनशीलता ८६-८८ डेसिबल, गिटारच्या स्पीकरची ९५ च्या वर. दहा डेसिबलचा फरक म्हणजे दहापट पॉवर, आणि तुमच्याकडे आहेत मोजून पाच वॅट. ते कपॅसिटरचे पैसे आठ इंची गिटार स्पीकरमध्ये घाला. फक्त त्याचे ओहम आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीशी जुळवून घ्या.