जुनं सिगारेटवालं बेसबॉल कार्ड सापडलं तर आधी पाठ बघा

आपल्या सांगली-मिरजेची बरीच पोरं आता अमेरिकेत आहेत आणि त्यातलं कोणीतरी तिकडच्या गॅरेज सेलमधून, म्हणजे लोक घरातलं जुनं सामान विकतात तिथून, बेसबॉल खेळाडूचं चित्र असलेलं एखादं जुनं कार्ड उचलतं, फोटो पाठवतं आणि विचारतं, दादा कोटभर येतील का. जरा दमानं घ्या.

शंभर वर्षं जुनं म्हणजे दुर्मिळच असं काही नसतं बरं का. टी २०६ हा अशा कार्डांचा सगळ्यात फेमस सेट, १९०९ ते १९११ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून वाटला, आणि वाटला म्हणजे ढिगानं वाटला, त्यामुळे त्यातली साधी कार्डं आजही आरामात मिळतात. कमी पडतं ते मध्येच छपाई थांबलेलं. होनस वॅगनर या खेळाडूचं तसंच झालं, त्यानं आपलं कार्ड काढायला नकार दिला म्हणून कार्ड लवकर बंद केलं, आज जेमतेम ५०-६० माहितीत आहेत आणि २०२२ ला एक ७२.५ लाख डॉलरला गेलं. नकार का, तर कोणी म्हणतं बारकी पोरं कार्डापायी सिगारेट घेतील म्हणून, कोणी म्हणतं पैशावरून. गडी स्वतः तंबाखू चघळायचा, म्हणजे तंबाखूशी काय त्याचं वैर नव्हतं, बाकी तुम्हीच ठरवा.

एडी प्लँकचं कार्डही असंच कमी आहे. शेरी मॅगीच्या आडनावात शेवटी दोन ई ऐवजी आय-ई छापलं गेलं, मग दुरुस्त केलं, म्हणून ते चुकीचंच महाग.

आता पाठ. मागे सिगारेटच्या ब्रँडची जाहिरात असते, खेळाडू तोच पण ब्रँड बदलला की भाव बदलतो, आणि नवखे लोक हेच बघत नाहीत. पीडमाँट किंवा स्वीट कॅपोरल असेल तर कॉमन. ड्रम, युझिट, लेनॉक्स असेल तर नशीब. टाय कॉब या खेळाडूच्या फोटोमागे त्याच्याच नावाचा टाय कॉब ब्रँड असेल तर विषयच संपला, २०१६ ला तसली सात कार्डं तिकडं एका जुन्या घरात कागदी पिशवीत निघाली, पिशवी कचऱ्यातच जायची होती.

नकली ओळखायला सराफाकडं असतं तसलं डोळ्याला लावायचं भिंग घ्या. खाली खेळाडूचं नाव तपकिरी शाईत सलग दिसलं पाहिजे, अक्षरं बारीक ठिपक्यांची दिसली तर रीप्रिंट. माप साधारण ३६.५ बाय ६७ मिलीमीटर, थोडं इकडंतिकडं चालतं, पण मापापेक्षा फारच लहान आणि कडा नव्या करकरीत असतील तर कडेनं कापलंय समजा. सगळ्यात गाजलेलं वॅगनर कार्डच कापलेलं होतं, लिलाववाल्यानं २०१३ ला कबूल केलं.

आणि हात जोडून सांगतो, आपल्याकडं रेशनकार्डापासून सगळं लॅमिनेट करायची सवय आहे, ते इथं करू नका. साधं प्लास्टिक स्लीव्ह पुरे. इकडं आणलंच तर वरच्या मजल्यावर ठेवा, २०१९ ला कृष्णा कुठवर आली होती माहितीय ना.